निवाड्यापूर्वी चौकशी

(बारामती-इंदापूर विभागाच्या वार्षिक सभेत झालेले भाषण)



या सभेपुढे आज दोन सूचना आल्या आहेत. जी कुटुंबे मुलांना लस टोचून घेत नाहीत, त्यांना वधूवर मेळाव्यात आणि ज्ञातीच्या इतर कार्यांत सामील करून घेऊ नये, ही पहिली. दुसरी नेमकी तिच्या उलट आहे. लस टोचल्यानंतर आपल्यातील एक मूल आजारी पडले, म्हणून टोचणाऱ्या आरोग्यसेविकेस आपल्या वस्त्यांवर येऊ देऊ नये, असे ती म्हणते. वरवर पाहता या सूचना एकमेकींच्या विरुद्ध आहेत. परंतु आमच्या मते दोन्हींचे मूळ एकच. दोन्हींत शिक्षा आधी ठरली आहे आणि चौकशी मागे राहिली आहे. म्हणून हात वर करण्यापूर्वी आपण एक जुनी हकीकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

1896 साली मुंबईत प्लेगने पाय रोवला आणि 1897 च्या प्रारंभी तो पुण्यात पसरला. त्याच मार्च महिन्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. सरकारने वॉल्टर रँड यास प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमले. गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघर आणि माजघर यांचाही मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. रोग हटविण्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी रीत अपमानाची होती. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारचे औषध आणि सरकारची दांडगाई ही लोकांच्या मनात एक होऊन बसली. अविश्वास हा नुसत्या अडाणीपणातून येतो असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष आठवावे.

त्याच सुमारास मुंबईत वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगवरील लस तयार करीत होता. ओडेसा शहरात जन्मलेला हा ज्यू गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून 1893 साली हिंदुस्थानात आला होता. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी त्यास जागा दिली, आणि आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांदेखत स्वतः लस टोचून घेतली. कोणास वाळीत टाकण्याची धमकी न देता त्यांनी आपला दंड पुढे केला. ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा हा भेद आहे.

पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकवाल या गावी 107 जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. लस निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिनच्या प्रयोगशाळेने नुकतीच बदलली होती; तेवढ्यावरून दोष तिच्या माथी आला. हाफकिनला प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. सरकारी चौकशीनेही बाटली उघडण्यापूर्वीच दूषित होती, असा निष्कर्ष काढला.

परंतु कागदपत्रांत दुसरीही साक्ष होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली आधीच नासलेली असती तर उघडताच दुर्गंधी यावयास हवी होती; ती आली नव्हती. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित वैद्यकांनी जुलै 1907 मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीरपणे कळविले की, हाफकिनवरील आरोप खोटा ठरला आहे. त्या वर्षाच्या अखेरीस तो निर्दोष ठरून पुन्हा हिंदुस्थानात आला, पण मुंबईचे जुने पद त्यास मिळाले नाही. 1925 साली परळच्या त्या प्रयोगशाळेस त्याचे नाव देण्यात आले. निर्दोष माणसाची पाच वर्षे मात्र कोणास परत देता आली नाहीत.

आणि तो एकटाच बळी ठरला असे नव्हे. मलकवालच्या बातमीने लोक लसीला बिचकले, आणि पुढील वर्षांत प्लेगने पंजाबात लाखो माणसे नेली. चुकीच्या निवाड्याचा भार असा अनोळखी लोकांवर पडतो.

आता आपल्या दोन सूचनांकडे वळू. लस सर्वस्वी निर्धोक असते, असे कोणी सांगू नये. क्वचित अपाय होतो, हे वैद्यकशास्त्रच मान्य करते. पण त्याच शास्त्राने देवीचा रोग जगातून घालविला, आणि 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. शंका घेणाऱ्या आईबापांस सभेतून उठवून त्यांची शंका जात नाही. ती उंबऱ्याआड जाऊन अधिक घट्ट होते. शिवाय सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2016 चा त्याविषयीचा कायदा 2017 पासून अमलात आहे. पहिली सूचना म्हणून नीतीने आणि कायद्याने, दोन्ही परींनी, अग्राह्य आहे.

दुसऱ्या सूचनेविषयी आमचे सांगणे असे की, मुलाच्या आईचा आकांत खरा आहे आणि त्याचे उत्तर तिला मिळालेच पाहिजे. ते मिळण्यासाठी प्रश्न नेमके हवेत. बाटली कोणती आणि तिच्यावरील क्रमांक कोणता? ती कोठे व कशी ठेवली होती? त्याच बाटलीतून आणखी कोणाला टोचले आणि ती मुले कशी आहेत? मूल आधीपासून आजारी होते काय? हे प्रश्न लेखी स्वरूपात प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले पाहिजेत, आणि उत्तरही लेखी मागितले पाहिजे. सेविकेचे म्हणणेही ऐकले पाहिजे. दोष सिद्ध झाला तर तो बोलून दाखविण्यास आम्ही कचरणार नाही. पण सिद्ध होण्यापूर्वी तिच्या पोटावर पाय देण्याचा अधिकार या सभेस नाही. तिला वस्तीवर बंदी केली, तर उद्या ऊसतोडीच्या कोप्यांवरील आणि आपल्या मळ्यांवरील लेकरांकडे कोण येणार?

म्हणून आम्ही तिसरी सूचना मांडतो. दोन्ही सूचना मागे घ्याव्यात. दोन तालुक्यांतून दोन भगिनी व दोन बंधू निवडून त्या मुलाच्या घरी पाठवावेत. अर्ज लिहिण्यापासून उत्तर मिळेपर्यंत त्यांनी त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहावे. पुढील लसीकरणाच्या दिवशी कार्यकारी मंडळाच्या सदस्यांनी आपली नातवंडे घेऊन सर्वांच्या आधी रांगेत उभे राहावे आणि लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. प्रत्येक आईने कार्डावर तारीख आणि बाटलीचा क्रमांक लिहून घ्यावा.

विश्वास मागून मिळत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले म्हणजे तो येतो. सरकारकडून आपण जी न्याय्य चौकशी मागतो, ती आपल्या सभेनेही इतरांना द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. सभेने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.