पहाटे चारची शेकोटी

निफाडची थंडी आपल्याला नवी नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीला पारा २ अंशांखाली गेला, पानांवरचं दव गोठलं. तेव्हा आमच्या गटात तयारी कुणाचीच नव्हती. लवकर छाटलेल्या बागेत पाणी उतरलेले मणी तडकले, उशिराच्या बागेत फुगवण थांबली. गटाचा हप्ता त्याच द्राक्षांवर होता.

पहिल्या रात्री आम्ही चुकलो. संध्याकाळीच शेकोट्या पेटवल्या, मध्यरात्रीला राख! खरा गारठा उजाडायच्या आधी असतो. दुसऱ्या दिवशी छाटणीच्या काड्या, ओला पालापाचोळा गोळा केला आणि पहाटे चारला पेटवलं. जाळ नको, धूर हवा. ठिबकच्या नळ्यांपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून पहाटे ठिबकही सोडलं. (विजेची पाळी आपल्या सोयीनं येते थोडीच! एकीनं मोटरीपाशी जागायचं ठरलं.)

तडकलेले मणी जोडले जात नाहीत. ते त्याच दिवशी कात्रीनं काढा, नाहीतर सगळा घड कुजतो. आम्ही अकराजणी दोन दिवस तेच करत होतो.