उपहास, श्रद्धा आणि कायदा



विचारस्वातंत्र्य हा शब्द उच्चारावयास सोपा. पण ज्याचें बोलणें जिव्हारीं लागतें त्यालाहि तें द्यावयाची वेळ आली, म्हणजे भल्याभल्यांची कसोटी लागते. श्रद्धास्थानांच्या कुचेष्टेचा प्रश्न असाच आहे. त्यासंबंधींचा आपला कायदा एका दुःखद प्रकरणांतून निर्माण झाला. तें प्रकरण मुळांतून समजून घेण्याजोगें आहे.

१९२४ सालीं लाहोरास एक निनांवी पुस्तिका निघाली. तींत इस्लामच्या पैगंबरांच्या गृहस्थजीवनाची हीन थट्टा होती. मुसलमान समाज संतापला. महात्मा गांधींनींहि त्याच वर्षीं तिचा निषेध केला. प्रकाशक राजपाल यांजवर खटला होऊन खालच्या न्यायालयांत त्यांस शिक्षा झाली. परंतु १९२७ च्या मे महिन्यांत लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ति दलीपसिंग यांनीं त्यांस सोडून दिलें. पुस्तिका कुत्सित आहे, हें न्यायमूर्तींस मान्य होतें. पण त्या वेळचें १५३-अ हें कलम समाजासमाजांत वैर माजविण्याविषयींचें होतें. दिवंगत धर्मपुरुषाची निंदा त्यांत बसत नाहीं, असा त्यांनीं अर्थ लाविला.

निकालानें क्षोभ वाढला, आणि त्याच वर्षीं मध्यवर्ती कायदेमंडळानें २९५-अ हें नवें कलम मंजूर केलें. त्या चर्चेंत बॅरिस्टर जिना यांनीं मोलाचा इशारा दिला: इतिहासाचा अभ्यासक, सत्याचा शोधक आणि धर्माचा प्रामाणिक टीकाकार यांस या कायद्यापासून धक्का पोहोंचतां कामा नये. कलमांत अट पडली ती अशी, कीं अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनें केलेला असला पाहिजे. कोणाचें तरी मन दुखावलें, एवढ्यानें गुन्हा होत नाहीं.

या अटीचें महत्त्व महाराष्ट्रास सांगावयास नको. दुखावलेलें मन हेंच एकमेव माप धरलें, तर जोतीराव फुल्यांचे किती ग्रंथ आणि आगरकरांचे किती निबंध निर्दोष ठरतील? आगरकरांच्या हयातींतच विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी ते लिहीत राहिले, आणि त्यांच्या लेखणीनें झालेलें हित पुढें त्या विरोधकांच्या नातवंडांसहि लाभलें.

लाहोरच्या प्रकरणाचा शेवट मात्र रक्तांत झाला. ६ एप्रिल १९२९ रोजीं एका तरुणानें राजपाल यांचा खून केला. त्याच वर्षीं तो तरुणहि फांसावर चढला. अपमानाविरुद्ध दाद मागण्यासाठीं कायदा होऊन तेव्हां दीड वर्ष लोटलें होतें. कांहीं पानांच्या थट्टेपायीं दोन घरें उजाड झालीं, आणि ज्या पुस्तिकेचें नांव एरव्हीं विस्मृतींत गेलें असतें, तें इतिहासांत राहिलें.

१९५७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें, तेंहि हेतूच्या याच अटीवर बोट ठेवून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमांत तीच अट कायम आहे.

तथापि कायदा थोडेंच करूं शकतो. लिहिणारानें स्वतःस विचारावें, कीं हा प्रहार अन्यायावर आहे, कीं कोणाच्या देव्हाऱ्यावर केवळ मौजेखातर आहे? आणि दुखावलेल्यानें ध्यानांत ठेवावें, कीं शब्दाचें उत्तर शब्दानें देतां येतें, फार झालें तर न्यायालयांत मागतां येतें. सुरीनें दिलेलें उत्तर आपल्याच श्रद्धेस काळिमा लावतें.