राजूर घाट चढून आलेल्यांचे स्वागत



बुलढाण्याचा माणूस पाहुण्याला चहाच्याही आधी विचारतो, ‘घाटात गाडी लागली नाही ना?’ त्याचाही नाइलाज आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही या गावाला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचे आणि राजूर घाटाची वळणे घेत वर यायचे, हा इथल्या प्रत्येक सोयऱ्याचा शिरस्ता. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. आजोबांनी निवेदन द्यायचे आणि नातवाने त्याची प्रत जपायची, असे ते प्रकरण. तेव्हा कौटुंबिक हिंसेवरच्या या अधिवेशनाच्या सकाळच्या सत्राला जे प्रतिनिधी उशिरा पोचले, त्यांची स्वागत समितीच क्षमा मागते.

घाट चढून आल्याचे सार्थक मात्र होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव उर्वरित वऱ्हाडाच्या मानाने थंड आहे, म्हणून इंग्रज साहेब इथे रमले. पैनगंगा याच तालुक्यात उगम पावते आणि थोडे अंतर जात नाही तोच येळगावच्या धरणात अडते. त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाहुण्यांना दाखवल्याशिवाय इथल्या यजमानाला झोप लागत नाही. आग्नेयेला लोणारचे सरोवर, उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले. ते २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. ईशान्येला शेगाव, जिथे १८७८ साली गजानन महाराज प्रथम दिसले. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ, जिथल्या अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीवर अर्धा विदर्भ पावसाचा अंदाज बांधतो. हवामान खात्याने यावर मत देऊ नये, अशी इथल्यांची नम्र अपेक्षा असते. आणि दक्षिणेला सिंदखेडराजा, लखुजी जाधवरावांचे गाव, जिजाऊंचे जन्मस्थान. दर वर्षी १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, तिथे माणसांचा पूर लोटतो.

स्वागत समितीतल्या एका ज्येष्ठ भगिनीने कालच बजावले होते की स्वागताध्यक्षांनी भूगोलाचा तास घेऊ नये. तो इथे संपला. पण एका नावाशी थांबल्याशिवाय हे व्यासपीठ सोडणे स्वागताध्यक्षांना शक्य नाही, कारण ते नाव जिजाऊंइतके कोणी घेत नाही.

ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या विचाराचे होते. चार भावांत एकुलती एक मुलगी. मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचेही शिक्षण तिला घरातच मिळाले, आणि तेही १८५० नंतरच्या वऱ्हाडात. लग्न झाले ते नवरा घरजावई करून. मूलबाळ झाले नाही. एवढ्यावर ही कहाणी संपली असती, तर गावाला ती आठवायचे कारण उरले नसते.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली. पण तोवर वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. त्या निमित्ताने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर लेख सुरू झाले. विधवेला दिवस गेले ते कोणामुळे, हा प्रश्न त्या लेखांत नव्हता. तो बुलढाण्यातून आला. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात ताराबाईंचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

त्या लहानशा पुस्तकात काय नाही? बायको गेली की लगेच बोहल्यावर चढणारा नवरा आहे आणि नवरा गेला म्हणून जन्मभर कोपऱ्यात बसवलेली बाई आहे. सुधारणेची भाषणे करणारे आणि घरी आल्यावर पुन्हा जुनेच होणारे पुरुष आहेत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचीही झडती आहे. जे दोष बाईच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, असे एकेक दोष घेऊन विचारलेले आहे, आणि तेही थेट वऱ्हाडी फटकळपणाने. ज्यांना वाटते की घरातल्या छळाबद्दल बोलणे ही कुठल्या परदेशी परिषदेतून आलेली टूम आहे, त्यांनी नऊ आण्यांचे ते पुस्तक वाचावे.

पुस्तकाची टिंगल झाली. फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना सुनावले. पण ते पुण्यात. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही. पहिलेही विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मध्ये ९३ वर्षे गेली. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांनी ते इंग्रजीत नेले आणि आता परदेशी विद्यापीठांत ते नेमलेले असते. जगाला माहीत आणि गल्लीला नाही, अशी ही या गावची लेक. तिच्यामागे त्या वेळी इथली चार माणसे उभी राहिली असती तर ती लिहीत राहिली असती, असे स्वागताध्यक्षांचे ठाम मत आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांना ते मान्य नसल्यास चहाच्या वेळी गाठावे.

आता कोणी म्हणेल, ताराबाईंचा आणि आजच्या विषयाचा संबंध काय? तसा तो ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य. पण बोलणारी बाई एकटी पडते तेव्हा काय होते, हे या गावाने पाहिले आहे. आणि हे अधिवेशन भरले आहे ते नेमके त्या एकटेपणावर.

कोणत्याही वस्तीत हे ऐकू येते. रात्री दहाच्या सुमारास पत्र्याच्या भिंतीपलीकडे भांडे आपटते, मूल किंचाळते, मग काही वेळ काहीच नाही. अलीकडच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवला जातो. सकाळी नळावर तीच बाई पदर पुढे ओढून उभी असते आणि दारावर आपटले असे सांगते. सगळ्यांना दार कुठले ते ठाऊक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ साली, देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या होत्या शंभरात अवघ्या १४. त्यांतल्याही बहुतेकजणी माहेरच्या माणसांकडे, मैत्रिणीकडे, शेजारणीकडे गेल्या. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या फारच थोड्या. म्हणजे पहिले ठाणे शेजारचा ओटा आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला कोणी प्रशिक्षण दिलेले नाही.

शेजाऱ्यांना भीती असते ती कोर्टकचेरीची. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ती भीती काढलेली आहे, पण ही गोष्ट गावोगाव पोचलेली नाही. कलम ४ प्रमाणे अशी घटना घडली किंवा घडणार असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पीडितेला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असेही कायदा म्हणतो. व्यासपीठावरचे वकील यावर गालातल्या गालात हसत आहेत, ते स्वागताध्यक्षांना दिसते आहे. आणि मूल लैंगिक अत्याचाराला बळी पडले असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणे ऐच्छिक राहत नाही, बंधनकारक होते.

महाराष्ट्राने या वाटेवर पुष्कळ काम केले आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ते ठाणे विदर्भातले होते, हे इथे सांगताना मान खाली जाते. १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा राहिला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू झाले. हाड मोडून आलेल्या बाईला प्लास्टर घालता घालता ‘घरी कोणी मारते का?’ असे विचारायला तिथे डॉक्टर आणि परिचारिका शिकल्या. पुरुषांचे म्हणाल तर १९९१ साली मुंबईच्या एका पत्रकाराने जाहिरात दिली की बायकांना होणारी मारहाण थांबवू इच्छिणाऱ्या पुरुषांनी लिहावे. दोनशेहून अधिक पुरुषांनी लिहिले आणि त्यातून १९९३ साली ‘मावा’ ही संघटना झाली. आजच्या स्वागत समितीत पुरुष जरा जास्तच आहेत, ही टीका रास्त आहे. पण त्यांनी सतरंज्या उचलल्या आहेत, एवढे तरी नोंदवावे.

एक खटकणारी गोष्ट यजमान म्हणून बोलून टाकायला हवी. गावकीत बसून बाईला ‘थोडे सोस, पोराबाळांकडे बघ’ म्हणत परत नांदायला पाठवायचे आणि तंटा मिटला अशी नोंद करायची, ही रीत आपल्याकडे मुरलेली आहे. अनुभवी कार्यकर्त्या याच्या नेमके उलट करतात. त्या आधी ऐकून घेतात, निर्णय तिच्यावर सोडतात, आणि तिने आज परत जायचे ठरवले तरी एक पिशवी भरून शेजारणीकडे ठेवायला सांगतात: आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, चालू औषधे, थोडी रोकड, एक जोड कपडे. ज्या रात्री पळावे लागते त्या रात्री कपाट उघडायला वेळ नसतो. आणि पिशवी कोणाकडे आहे, हे त्या दोघींपलीकडे कोणाला कळता कामा नये.

आता उणिवा. निवासाच्या एका इमारतीत सकाळी गरम पाणी पुरले नाही. ज्यांना थंड पाण्याने आंघोळ करावी लागली त्यांनी बुलढाण्याची हवा आणि पाणी दोन्ही अनुभवली, असे समजून माफ करावे. ध्वनिक्षेपक मधूनमधून शिट्टी वाजवतो. पाळणाघर मंडपापासून लांब पडले आहे. दुपारपर्यंत ते जवळच्या खोलीत हलवले जाईल. कार्यक्रमपत्रिकेत दोन वक्त्यांच्या नावांत मुद्रणदोष राहिले आहेत. कोणाचा मानपान राहून गेला असेल तर तो समितीचा गोंधळ समजावा, हेतू नव्हे.

देणगीदारांची यादी वाचायला वेळ लागेल आणि नाव चुकले तर गावात राहणे कठीण होईल, म्हणून फक्त ऋण व्यक्त करतो. मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही, विजेचे बिल मात्र घेतील. अडत बाजारातून गहू आणि डाळ आली, किराणा व्यापाऱ्यांनी तेलाचे डबे दिले, मंडपवाल्याने बिछायत उधारीवर टाकली. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावश्यांनी वांग्यांची पोती पाठवली आणि पावतीवर नाव लिहू दिले नाही. त्याच वांग्यांची भाजी आणि रोडगे आज दुपारी आपल्या ताटात असतील. महाविद्यालयाच्या स्वयंसेवक विद्यार्थिनींनी काल रात्रभर जागून बिल्ले टाचले. बिल्ल्याच्या मागे महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक छापलेले आहेत. बिल्ला घरी जाऊन टाकून देऊ नये.

शेवटी एक विनंती. नोंदणीच्या टेबलावर तालुकावार वही ठेवली आहे. आपल्या भागात मध्यरात्री फोन उचलणारी माणसे कोण, जवळचे सखी मदत केंद्र कुठे, संरक्षण अधिकारी कोणत्या कचेरीत बसतात, हे प्रत्येकाने त्या वहीत लिहावे. पीडितेचे नाव मात्र तिथे चुकूनही लिहू नये. वही भरल्याशिवाय उद्या सकाळी सातची सिंदखेडराजाची बस सुटणार नाही, असे समितीने ठरवले आहे.