दंड छोटा, खटला मोठा

उज्जैनच्या टावर चौकाजवळच्या सभागृहात व्याख्यानमालेचं दुसरं पुष्प गुंफलं गेलं ते ‘संगीत महोत्सव आणि अमली पदार्थांचा कायदा’ या विषयावर. वक्ते फौजदारी वकील. त्यांचं म्हणणं पहिल्याच वाक्यात आलं: अशा प्रकरणात माणसाला खरा फटका बसतो तो शिक्षेचा नव्हे, खटल्याचा.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, सगळ्यांना ठाऊक आहेच, असं म्हणत ते थेट कलम २७ वर आले. गांजा, चरस किंवा एमडीएमएचं सेवन केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोकेन आणि हेरॉइनला ही मर्यादा एक वर्ष आणि वीस हजार. अमेरिकेत कित्येक ठिकाणी पोलीस अशा वेळी हातात कागद ठेवून तारीख देतात आणि सोडतात. आपल्याकडे गुन्हा दाखल होतो. ७ ऑक्टोबर २०२० रोजी रिया चक्रवर्ती प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सर्वच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. कमाल शिक्षा सहा महिने असली, तरी जामिनासाठी कोर्टाची पायरी चढावीच लागते.

मग जवळ सापडलेल्या पदार्थाच्या वजनाचा हिशेब आला. अल्प मात्रा गांजाची एक किलोपर्यंत, एमडीएमएची अर्धा ग्रॅम आणि एलएसडीची अवघी दोन मिलिग्रॅम. हीरा सिंग खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं सबंध वजन धरायला सांगितलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडी शोषलेला कागदही वजनात धरला. वक्त्यांनी निमंत्रणपत्रिकेचा नखाएवढा कोपरा फाडून वर धरला. एवढा कोपराच दोन मिलिग्रॅमहून जड. अल्प मात्रा ओलांडली, की कमाल शिक्षा दहा वर्षांवर जाते.

पुढच्या रांगेतून प्रश्न आला, “मग महाकालाच्या भांगेचं काय?” सभागृह हसलं. वक्त्यांनी मात्र तो प्रश्न मनापासून घेतला आणि व्याख्यानाचा बराच वेळ त्यातच गेला. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बिया वगळल्या आहेत, म्हणून पानांची भांग राज्याच्या अबकारी कायद्याकडे जाते. तिथून गाडी अफूवर आली. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि शिंद्यांचं उज्जैन तिची मोठी बाजारपेठ होतं. आजही मंदसौर-नीमचचे शेतकरी केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्यावर अफू पिकवतात. ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला, सरकारी कारखाना नीमचला. “आमच्याकडचं पीक परवान्याचं असतं हो!” एक मंदसौरकर जरा तावातच म्हणाले. “अगदी बरोबर,” वक्ते म्हणाले. “परवान्याची शेती करणाऱ्या तुमच्या गावाला कुणी बोल लावू नये.”

एवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. सनबर्नसाठी राखलेला भाग त्यांनी दोन वाक्यांत उरकला: महोत्सव गोव्यात २००७ मध्ये सुरू झाला, जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही कलम २५ खाली अडकतो. मुंबईच्या क्रूझवरचं प्रकरण मात्र त्यांनी सोडलं नाही. आर्यन खानला ३ ऑक्टोबर २०२१ रोजी अटक झाली. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं. जामीन २८ ऑक्टोबरला मिळाला आणि २७ मे २०२२ च्या आरोपपत्रात त्याचं नाव नव्हतं. मधले दिवस कुणी परत देत नाही, एवढंच ते म्हणाले.

मग त्यांची मागणी. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण करील, तर सेवनाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. पण कायद्यात व्यसनाधीन म्हणजे ज्याला त्या पदार्थावाचून राहवत नाही असा माणूस. मित्रांच्या आग्रहाखातर पहिला झुरका घेतलेल्या पोराला ही वाट मिळत नाही. त्यालाही समुपदेशनाची एक संधी हवी, आणि अटक होताच हे कलम सांगितलं जावं.

“आमच्या घरची मुलं या वाटेला जात नाहीत,” मागून एक काका म्हणाले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी मात्र विचारलं, “खटला चालू असताना मुलाला परदेशी शिकायला जाता येईल का?”

पासपोर्ट कायद्याचं कलम ६ आड येतं, वक्ते उभ्याउभ्याच सांगू लागले. १९९३ च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणावी लागते. कोर्टाने मुदत लिहिली नाही, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. त्या अर्जासाठी काय काय कागद लागतात, हे विचारायला त्या बाई मंचाशी आल्या, तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.