खुणांची चादर

(मंडळाच्या वर्धापनदिनी भातकुली येथे दिलेले भाषण)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला तुम्ही बोला. विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी शोभेल असा असू द्या." मी होकार दिला खरा, पण विषय शोभणारा आणला नाही. नर्सबाई म्हणून तीस वर्षे खेडोपाडी बाळंतपणे केली. दुसऱ्या कशावर बोलावयास गेले तर ते उसने वाटेल. तेव्हा बाळंतिणीचे रक्त जाते त्याविषयी, आणि ते आवरण्यासाठी आता नर्सबाईंच्या व डॉक्टरांच्या हाती जी साधने आली आहेत त्यांविषयी बोलणार आहे.

मघाशी दाराशी एका पाटावर जुन्या लुगड्याची घडी ठेवली होती ती आपण सर्वांनी पाहिली. तिच्यावर मी कुंकवाचे पाणी ओतले होते आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारीत होते, हे पाणी किती असेल? कोणी एक कप म्हणाली, कोणी दीड कप. एका आजींनी तर फुलपात्रभर म्हटले. भगिनींनो, ते पाणी मी घरून मोजून आणले होते. ते अर्धा लिटर आहे. बाळंतपणानंतर अर्धा लिटर रक्त गेले की ते जास्त झाले, असे डॉक्टर लोक वर्षानुवर्षे मानीत आले. आता तर २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की, ३०० मिलिलिटर गेले आणि त्याबरोबर नाडी किंवा रक्तदाब बिघडला तर अर्ध्या लिटरची वाट न पाहता उपचार सुरू करावा. आणि आपल्या डोळ्यांना अर्धा लिटर दिसतो फुलपात्राएवढा! यात आपला दोष नाही. कापड रक्त पिऊन टाकते, आणि माझ्यासारखी शिकलेली नर्सबाईसुद्धा तिथेच फसते.

मी फसले त्याची गोष्ट सांगते. १९८८ चा श्रावण. दुसऱ्या तालुक्यातल्या एका लहान गावी मी घरीच बाळंतपण करावयास गेले होते. बाळ चांगले रडले, वारही पडली. मी बाळाची नाळ पाहत होते, आणि सुईण एकेक कापड उचलून बाहेर नेत होती व लगेच धुऊन टाकीत होती. स्वच्छतेची आवड, दुसरे काय! पुढ्यात दरवेळी एकच कापड असे आणि ते काही फार भिजलेले दिसत नसे. मी एकदा म्हटले, जरा जास्त वाटते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अवं बाई, बाळंतपणात रगत जातेच. काही होत नाही तिले." मीही ते मानले. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले, मग जांभई दिली, आणि नाडी पाहिली तर धाग्यासारखी. ट्रॅक्टर मिळाला, पण पावसाळ्यातली आपली काळी भुई तुम्हांला ठाऊकच आहे. चाक रुतले ते रुतलेच. तिचे वय वीस होते. ती कापडे मोजली असती तर मला अर्धा तास आधी कळले असते, हे मी त्यानंतर कितीदा मनाशी म्हटले असेल!

हे रक्त इतक्या लवकर का जाते? नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त खेळत असते. वार सुटली की जिथून ती सुटली तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना बांधणारी दोरी कोणती, तर गर्भाशयाचा स्नायूच. तो आवळला, नारळासारखा कडक झाला की वाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. तो सैल राहिला तर नळ उघडा राहिल्यासारखे होते. म्हणून नर्सबाई बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून चोळते ते उगाच नव्हे. सासूबाईंनी तिचा हात धरू नये. आणि आपल्या बायका आधीच फिकट. जिचे हिमोग्लोबिन सात आहे तिला अर्धा लिटरही परवडत नाही.

आता ही पहिली वस्तू पाहा. प्लॅस्टिकची साधी चादर, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. बाळ झाल्याबरोबर ही बाळंतिणीखाली सरकवावयाची. रक्त पिशवीत उतरते आणि दुधाच्या मापासारखे वाचता येते. हिचा जन्म फार लांब झालेला नाही. आपल्या मराठी माणसांच्या बेळगावात, तेथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर ही चादर तयार केली. सात जणांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तिचे नावही ठेवले. तिच्यावर मोजून त्यांनी ताडून पाहिले, तर डोळ्यांचा अंदाज एक तृतीयांशाने कमी पडत होता. आपल्या दारातल्या लुगड्यापेक्षा तो अंदाज बराच बरा म्हणावयाचा!

याच चादरीवर बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक मोठा प्रयोग झाला. तो माझ्यासारख्या साध्या नर्सबाईंनी केला याचा मला अभिमान वाटतो. १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना दिसावयास तशाच पण औषध नसलेल्या. ज्यांना औषध नव्हते त्यांच्यात शंभरांत बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला. ज्यांना होते त्यांच्यात सुमारे सहा जणींना. २००६ साली हे छापून आले आणि जगभर वाचले गेले.

पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणींवर अशा चादरीची कसोटी लागली. नुसती चादर नव्हे. खूण ओलांडली की पोट चोळणे, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, रक्त गोठण्यास मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी, हे सारे एकापाठोपाठ न रेंगाळता करावयाचे. पूर्वी जास्त रक्तस्राव झालेल्या शंभरांपैकी एक्कावन्न जणी ओळखल्या जात. आता त्र्याण्णव ओळखल्या गेल्या. आणि भयंकर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, हे सारे मिळून साठ टक्क्यांनी घटले. नवीन औषध त्यांत एकही नव्हते. वेळेवर कळले, एवढेच नवीन.

ही दुसरी वस्तू. हा जाड, ताणणाऱ्या कापडाचा पोशाख. मुलांच्या बुटांना असते तशी चरचर वाजणारी चिकटपट्टी याला लावलेली आहे. घोट्यापासून सुरुवात करून मांड्या आणि मग पोट असा हा पट्ट्यापट्ट्यांनी घट्ट आवळावयाचा. पायांतले रक्त वर ढकलले जाते आणि हृदयाला व मेंदूला मिळते. रक्तस्राव बरा करण्याचे हे साधन नव्हे, मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता काढण्याचे आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एका बाईला हा घातलेला पाहिला. गाडीत बसलेल्या तिच्या नणंदेला वाटले, वहिनी गुदमरते आहे, आणि ती पोटाची पट्टी सोडू लागली. गाडीतल्या डॉक्टरांनी तिचा हात धरला म्हणून बरे. ही पट्टी वाटेत सोडली की वर आलेले रक्त परत पायांत उतरते आणि डोळ्यांदेखत बाई जाऊ शकते. दवाखान्यात तिची प्रकृती स्थिरावल्यावरच, तीही घोट्याकडून, डॉक्टर ती सोडतात. त्या बाईला अमरावतीला फुगा बसविला, रक्त दिले आणि ऑपरेशनवाचून ती घरी आली. तिचा मुलगा आता शाळेत जातो.

फुगा म्हणाले, तो हा. हसू नका. होय, हा निरोधच आहे, भिंतीभिंतींवर ज्याची जाहिरात रंगविलेली असे तो. रबरी नळीच्या टोकाला हा बांधावयाचा, गर्भाशयात घालावयाचा आणि नळीतून सलाईन भरावयाचे. फुगा आतून भिंती दाबून धरतो. ही युक्ती ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर या बाईंची. परदेशी फुगे महाग, दारातली बाई तर जाते आहे, तेव्हा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी हा बनविला. २००३ साली त्यांनी २३ रुग्णांचा अहवाल छापला. सर्वांचे रक्त थांबले होते. आपल्या विदर्भात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनीही अशा फुग्याचा तयार संच वापरण्याचे काम केले आहे.

तरीपण फुग्याची नुसती वाहवा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बेनिन आणि माली या आफ्रिकेतील देशांत फुगा आणि बिनफुगा असे ताडून पाहिले, तेव्हा फुग्याच्या बाजूने फायदा दिसला नाही. मृत्यू उलट त्याच बाजूला अधिक झाले. संख्या लहान होती हे खरे. मला त्याचा अर्थ असा वाटतो की, फुगा बसविला की सगळ्यांना हायसे वाटते, आणि हायसे वाटले की गाडी बोलवावयाची राहते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले ते हेच: जिथे शिकलेला हात आहे, ऑपरेशन होऊ शकते आणि रक्त मिळू शकते, तिथेच फुगा वापरावा. तेव्हा आपल्यासारख्या ठिकाणी चादर, इंजेक्शन, पोशाख आणि गाडी. फुग्याचे घर अमरावती.

एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी जिथे काम केले त्यांपैकी एका ठिकाणी हा पोशाख आला तेव्हा त्याची नोंद रजिस्टरात झाली आणि तो कपाटात गेला. किल्ली एकाच माणसाजवळ. ‘डाग पडला, फाटला तर जबाबदार कोण?’ त्या कपाटासमोरून एक बाळंतीण स्ट्रेचरवर अमरावतीला गेली. ती वाचली, तो तिचा दैवयोग. त्या रात्रीच्या पाळीतल्या सिस्टरला मी नंतर विचारले, तर ती म्हणाली, "मला घालताच येत नाही, ताई. एकदाच दाखविले होते, तेही चित्रात." तिला मी काय दोष देणार? वर्षातून एकदा पाहिलेली वस्तू घाबरलेल्या हातांना आठवत नाही. तिला ती रिकाम्या वेळी एखाद्या मैत्रिणीवर दहादा घालून पाहता आली पाहिजे.

भगिनींनो, कपाटे उघडविणे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे. आपल्या मंडळाच्या दोघीतिघी लेकीसुनांबरोबर जातातच. तिथे सिस्टरला गोड शब्दांत विचारावे: चादर आहे का? इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे का? पोशाख कुठे आहे, जरा दाखवाल का? मंडळ विचारते आहे म्हटल्यावर किल्ली सापडते, असा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रात २०१८-२० च्या मोजणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू होत होता. देशाचा आकडा ९७. आपण पुष्कळ पुढे आहोत. पण पेढीला पूर आला की भातकुलीची अमरावती किती लांब होते हे आपण जाणतो. लेडी डफरीनच्या नावाने १८८५ साली निधी उभा राहिला, त्यातून ठिकठिकाणी स्त्रियांचे दवाखाने निघाले. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आपण अजून डफरीनच म्हणतो. तो दवाखाना जागच्या जागी आहे. १०८ ची गाडीही २०१४ पासून आहे. पण घरात ‘यांना विचारू, मामंजींना विचारू’ म्हणत जो अर्धा तास जातो, तो कोणतीही गाडी भरून काढीत नाही. रक्ताने भिजलेली कापडे धुवू नयेत. सिस्टर किंवा डॉक्टर पाहीपर्यंत एका घमेल्यात तशीच ठेवावीत. तराजू असेल तर तोलावीत. कोरडे वजन वजा केले की उरलेला प्रत्येक ग्रॅम साधारण एक मिलिलिटर रक्ताचा.

आपल्या यादीत रक्तदानाला तयार असलेल्या किती आहेत हे चिटणीसबाईंनी आज लिहून घ्यावे अशी मी विनंती केली आहे. वही त्यांच्याजवळ आहे. पहिले नाव माझ्या सुनेचे घालावे, माझे वय आता चालत नाही.

या तिन्ही वस्तू मी टेबलावरच ठेवते. चहा यावयाला अजून अवकाश आहे. ज्यांना तो पोशाख एकमेकींना घालून पाहावयाचा असेल त्यांनी पुढे यावे. घोट्यापासून सुरुवात करावी.