हिरवळीचा हिशेब



आमच्या महाराष्ट्रात हरळी कोणी हौसेने लावीत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, तिच्या काशा वेचून बांधावर वाळत टाकाव्यात, आणि पहिल्या पावसाबरोबर तिने पुन्हा शेतात हजर व्हावे, हे शेतकऱ्याचे व तिचे पिढीजात भांडण आहे. तीच हरळी भाद्रपदात एकवीसाच्या जुडीत बांधली, की दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकावर जाऊन बसते. नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी माणसास तिचे तिसरे नाव कळते, ते म्हणजे दूब. येथे लोक पैसे मोजून तिचे बी आणतात आणि अंगणात पेरतात.

आमचे लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत आहे. तांबे घराण्यात जन्मलेल्या मनकर्णिकेचे, म्हणजे झाशीच्या राणीचे, नाव तिला लाभले आहे. अशा वसाहतींतून तळमजल्याच्या घरापुढे मोकळ्या जमिनीचा तुकडा असला, की तेथे हिरवळ करण्याची इच्छा गृहस्थाच्या मनात उद्भवतेच. आदर्शही डोळ्यांसमोर असतो. राष्ट्रपती भवनाच्या ज्या उद्यानास २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, त्याची आखणी एडविन ल्यूटन्स यांनी केली आणि लागवड विल्यम मस्टो यांच्या देखरेखीखाली झाली. तेथील मुख्य बागेत जी दूब आहे, ती मूळ कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरमधून आणविलेली. एवढ्या राजेशाही बागेसही शेवटी आपली हरळीच पसंत पडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हिरवळ करावयाची म्हणजे जमीन सपाट करावयाची, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन प्रत्यक्षात सपाट असता कामा नये. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूस दहा मीटरांत दहा ते वीस सेंटिमीटर उतार तिला हवाच. चार खुंट्या, एक दोरी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी एवढ्या साहित्यावर हे काम होते. मात्र उतार कोठे संपतो, हे प्रथम पाहावे. तो नालीकडे गेला पाहिजे, शेजाऱ्याच्या उंबरठ्याकडे नव्हे.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. दिल्लीत वर्षाकाठी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो वर्षभर वाटून पडत नाही. २८ जून २०२४ रोजी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, आमच्या वसाहतीजवळच्या सफदरजंग वेधशाळेत २२८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा शंभर चौरस मीटरांच्या एका तुकड्यावर त्या दिवसात सुमारे २२,८०० लिटर पाणी कोसळले. जमीन समतल करणे म्हणजे एवढ्या पाण्यास वाट दाखविणे होय. आपण ती दाखविली नाही, तर ते स्वतः शोधून काढते, आणि बहुधा ती कोणाच्या तरी खोलीतून जाते.

जमीन वीतभर खोल खणून विटांचे तुकडे, चुना आणि खडे वेचून काढावेत. मे महिन्याचे ऊन तिला खाऊ द्यावे. नंतर एकदोनदा पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यावा आणि गाठींसकट उपटावा. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळून, पाणी देऊन, हलका रूळ फिरवावा. जेथे खळगा दिसेल तेथे पुन्हा माती भरावी. हे काम दोनतीनदा करावे लागते. पेरणीनंतर खळगा बुजविणे फार अवघड जाते. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र भर घालू नये. त्याची मुळे गुदमरतात. शिवाय दाट सावलीत दूब टिकतही नाही.

पेरणी पावसाच्या तोंडाशी करावी. शंभर चौरस मीटरांस पाव ते अर्धा किलो बी पुरते. ते इतके बारीक असते की वाळूत मिसळल्यावाचून सारखे पडत नाही. अर्धे बी उभे आणि अर्धे आडवे फेकावे, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी शिंपावे. अंकुर दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. बियाऐवजी मुळ्यांसकट कांड्या चार बोटांच्या अंतराने टोचल्या, तर पावसाळ्यात त्या लवकर पसरतात. गवत दोन इंच वाढले, की वरचा तिसरा हिस्सा तेवढा कापावा.

येथवर श्रमांचा हिशेब झाला. खरा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात सुरू होतो. कडक उन्हात गवतास दिवसाकाठी पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर शंभर चौरस मीटरांस रोज ५०० लिटर लागतात. शहरातील माणसामागे रोज १३५ लिटर पाणी असावे, असे मान आहे. म्हणजे आपली हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. यमुनेचे, गंगेच्या कालव्याचे आणि भाक्ऱ्याचे पाणी आणून जगणाऱ्या, आणि तरीही उन्हाळ्यात टँकरपुढे बादल्यांच्या रांगा लावणाऱ्या शहरात हा खर्च सहज मांडता येत नाही.

मग अंगणास सिमेंट फासावे काय? तसे केल्यास पावसाचे पाणी मुरणार नाही, सारेच रस्त्यावर धावेल. उपाय मध्यम मार्गाचा आहे. जेवढी जमीन पायाखाली येते, मुलांच्या खेळास लागते, तेवढीच हिरवळ करावी. उरलेली जागा मोगऱ्यास, कडुलिंबाच्या सावलीस द्यावी. पाणी रोज थोडे न देता, काही दिवसांच्या अंतराने पण खोलवर द्यावे. भाज्या धुतलेले पाणी वाया घालवू नये. आणि थंडीत दूब पिवळी पडली, तर कासावीस होऊन विलायती गवत पेरू नये. ती मेलेली नसते, निजलेली असते. फाल्गुन सरता सरता आपण होऊन जागी होते.

सरकारी घरात राहणाऱ्यास बदलीचा हुकूम केव्हा येईल, हे ठाऊक नसते. मागाहून येणारे कुटुंब आपले गवत राखील किंवा तेथे भेंडी लावील. तो त्याचा अधिकार आहे. पण नीट काढलेला उतार गवताखाली असो वा भेंडीखाली, पावसाच्या पाण्यास आपली वाट दाखवीत राहील, आणि शेजारच्या तळघरात किंवा ओट्यावर ते शिरणार नाही. अंगणात पहिली कुदळ मारण्यापूर्वी एवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ झाले.