वारा पाठीशी



माझी भाची सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. काही वर्षांपूर्वी सुट्टी संपवून ती दिल्लीहून परत निघाली आणि इकडे तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, फोनवरच्या नकाशाला डोळे लावून बसली. थोड्या वेळानं घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "दादा, अरे, विमान जपानकडे कशाला चाललंय?"

तिला मी जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

घरात पृथ्वीचा गोल असेल, तर त्यावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को असा दोरा ताणून धरा. तो वर सरकेल आणि सायबेरियावरून, उत्तर ध्रुवाजवळून जाईल. ही सगळ्यांत जवळची वाट, सुमारे १२,४०० किलोमीटरची. भाची एअर इंडियानं जायची; त्यांचं विमान मात्र पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ते अंतर १३,९०० किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी वाट बदलली. म्यानमार, चीन, जपान आणि मग पॅसिफिक महासागर. अंतर वाढून १५,३०० किलोमीटरवर गेलं, पण प्रवास झाला साडेचौदा तासांत. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही जवळजवळ दोन तास वाचले!

हे दोन तास दिले वाऱ्यानं. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, यांतून तो तयार होतो. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि वाऱ्याचा १५०. वारा पाठीशी असेल, तर जमिनीवरचं अंतर ताशी १,०५० किलोमीटरनं कापलं जातं; वारा समोरून आला, तर ७५०नं. इंजिनं तीच, इंधन तेवढंच जळतं, पण तासाला ३०० किलोमीटरचा फरक पडतो. आपल्या कोकणातले नाखवे वाऱ्याचा हंगाम बघून शीड उभारायचे. आजही विमान सुटण्यापूर्वी त्या दिवसाचा वारा बघूनच त्याची वाट आखतात. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर कायम असलं, तरी प्रवासाचा वेळ रोज नव्यानं मोजावा लागतो.

मग परत येताना? पॅसिफिकवरून आलं, तर तोच वारा तोंडावर येणार. म्हणून परतीचं विमान अमेरिकेहून अटलांटिक ओलांडून, युरोपवरून दिल्लीला येई. म्हणजे जाताना पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच.

हे ऐकल्यावर बहीण बोटं मोजत बसली. लेक या वाटेनं दोनदा येऊन गेली होती. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे दादा, मला भेटायला पोरीनं दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा घातली की रे!"